पाच मिलिमीटरचा दादा

मी शिंपी. पन्नास वर्षं लोकांची मापं घेतली, त्यामुळे कुणाचा खांदा पडका आणि कुणाचं पोट खोटं, ते मला माणूस दारातून आत यायच्या आधी कळतं. पण कॉलरच्या वर मी कधी गेलो नाही. तिथं माझं राज्य संपायचं. तिथून वरचं राज्य आमच्या सूनबाईचं, आणि त्या राज्यात माझे काय हाल झाले ते सांगतो. यातलं एक अक्षर खोटं निघालं तर माझ्या तोंडात एकही दात राहणार नाही. तसा तो राहिलेला नाहीच, म्हणून शपथ बेधडक घेतोय.

शेवटचा दात दोरा तोडताना गेला, त्याला नऊ वर्षं झाली. लोकांना वाटतं, दात गेले म्हणजे चावणं गेलं. चावणं गेलं तर चालतं हो, माणूस मऊ भातावर जगतो. जाते ती उंची. खांब काढले की छप्पर खाली येतं, तसं तोंड खाली बसतं. माझी हनुवटी दरवर्षी सुताभर वर चढत होती आणि नाक वाकून तिची विचारपूस करायला खाली येत होतं. दोघांची गाठ पडायला बोटभर अंतर उरलं होतं. ओठ आत ओढले गेले, कोपरे खाली लोंबले आणि भोवती अशा चुण्या पडल्या की कुणी पिशवीची नाडी आवळावी. चेहरा कायम रागावलेला. आतून मी खुशीत शीळ घालत असलो, तरी समोरचा माणूस म्हणायचा, "काका चिडलेले दिसतात, नंतर येतो." मला वाटायचं, वय झालं की असा मान मिळत असावा.

तर आमची सूनबाई दातांची डॉक्टर झाली आणि घराच्या खालच्या खोलीत, जिथं माझं दुकान होतं तिथंच, तिनं दवाखाना काढला. कापायचं टेबल गेलं, खुर्ची आली. माझा माणूसभर उंचीचा आरसा तेवढा मी काढू दिला नाही. तिनं अजून कुणाची पूर्ण कवळी केली नव्हती. मीच म्हणालो, "पहिलं गिऱ्हाईक घरचंच असावं. बिघडलं तर बोंब घरात राहते."

तिनं माझ्या हिरड्यांवर मेणाच्या दोन जाड पट्ट्या बसवल्या, घोड्याच्या नालासारख्या. मग नाकाच्या बुडाशी एक ठिपका, हनुवटीवर एक ठिपका, आणि हातात कर्कटक घेऊन बसली.

"बाबा, दात लावणं सोपं आहे," ती म्हणाली. "वरचा जबडा आणि खालचा जबडा किती अंतरावर थांबवायचा, ते अवघड. कमी ठेवलं तर चेहरा असाच बसका राहणार. जास्त ठेवलं तर ओठ मिटणार नाहीत, बोलताना दातावर दात आपटणार."

"मग मापानं घे की."

"कशाचं माप घेऊ? मूळ माप दातांबरोबर गेलं. आणि तुमचे स्नायू नऊ वर्षं आखडून बसलेत, ते आता खरं सांगत नाहीत. दात असतानाचा एखादा समोरून काढलेला फोटो आहे का?"

होता. एकच होता. आणि इथंच सगळा घोळ.

तो फोटो काढला तेव्हा मी तेवीस वर्षांचा होतो आणि दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, पंचवीसचा. आम्हा दोघांच्याही लग्नाचं बघायला घेतलं होतं. वडिलांच्या दुकानात एका गिऱ्हाइकाचा कोट तयार होऊन पडला होता, त्याला फक्त गुंड्या लागायच्या होत्या. तो कोट उचलून आम्ही दोघं फोटोवाल्याकडे गेलो. आधी दादानं घातला, मग मी घातला. मला मागून सात टाचण्या लावून अंगासरसा केला. फोटो दोन निघाले. एकात डोळे मिटलेले, एकात उघडे. नाक, डोळे, कपाळ आम्हा भावांचं एकाच छापाचं. फरक हनुवटीत, तोही दोघं शेजारी उभे राहिले तर. उघड्या डोळ्यांचा तो माझा, असं मी म्हणायचो. दादाही तेच म्हणायचा. आई म्हणायची, "भांडू नका रे, घरातलाच आहे कुणीतरी." मिटलेल्या डोळ्यांचा फोटो पुढं कुठं गेला कुणास ठाऊक, त्यावर कुणीच हक्क सांगितला नाही.

मी उघड्या डोळ्यांचा फोटो सूनबाईला दिला. तिनं पट्टी लावली. फोटोत दोन बुबुळांमधलं अंतर दोन सेंटिमीटर. माझ्या खऱ्या डोळ्यांतलं मोजलं, सहा भरलं. "म्हणजे फोटो तिपटीनं लहान," ती म्हणाली. मग फोटोतलं नाकाच्या बुडापासून हनुवटीपर्यंतचं मोजलं. अडीच. अडीच त्रिक साडेसात. "साडेसात सेंटिमीटर, बाबा. हे तुमचं मूळ माप."

मी शिंपी माणूस. हिशेब एवढा चोख बसला की मी मान डोलावली. एवढा चोख बसलेला हिशेब पुन्हा तपासावा, हे पन्नास वर्षं गिऱ्हाइकांना शिकवलं आणि स्वतः विसरलो.

पंधरा दिवसांनी कवळी तयार झाली. ती तोंडात बसवून मी आरशापुढं उभा राहिलो आणि बाजूला सरकलो, कारण वाटलं मागं कुणीतरी उभं आहे आणि मी त्याच्या आड येतोय. मागं कुणी नव्हतं. चुण्या गेल्या होत्या. ओठ भरले होते. हनुवटी नाकाचा निरोप घेऊन खाली आपल्या घरी गेली होती. माझ्या चेहऱ्याला अस्तर लावून इस्त्री केल्यासारखं झालं होतं.

"कसं वाटतंय?" सूनबाईनं विचारलं.

"छान आहे," मी म्हणालो. "कोण आहे?"

ती हसली. मी विनोद केला नव्हता.

दुसऱ्या दिवशी दाढीला गेलो. न्हावी म्हणाला, "आज इकडं कसे दादा? तुमचा न्हावी तर तुमच्या गल्लीत आहे." मी म्हणालो, मी धाकटा. तो म्हणाला, "थट्टा नको." दाढी करताना त्याचा वस्तरा दर वेळी हनुवटीच्या अलीकडेच थांबायचा, कारण नऊ वर्षांच्या सवयीनं त्याच्या हाताला तिथं चेहरा संपलेला अपेक्षित होता. परत येताना दादाचं कुत्रं भेटलं. हे कुत्रं जन्मल्यापासून माझ्यावर भुंकत आलंय, एकदा तर माझ्या धोतरा-पायजम्यातला फरक दातांनी तपासून गेलंय. ते त्या दिवशी शेपूट हलवत माझ्यामागं घरापर्यंत आलं आणि दारात पाय पसरून झोपलं. मी खात्रीसाठी कवळी काढली. ते उठलं, माझ्याकडं पाहिलं, आणि जे भुंकायला लागलं ते मी पुन्हा कवळी बसवेपर्यंत थांबलं नाही. हे तुम्हाला पटणार नाही. मलाही पटलं नव्हतं, म्हणून तीनदा करून पाहिलं.

इथवर गंमत होती. खरी पंचाईत घरात सुरू झाली.

आमची ही. लग्नाला सेहेचाळीस वर्षं. मला चहा देताना ती कप टेबलावर ठेवत नाही, टेबलाला देते. आवाजावरून कळतं चहा आला. कवळी बसवली त्या संध्याकाळी तिनं चहा आणला तो पाहुण्यांच्या कपात. बशीसकट. आणि विचारलं, "साखर बेताची झालीय का?"

मी मागं वळून पाहिलं. मागं भिंत होती.

मग माझ्या लक्षात येऊ लागलं. मी खोलीत शिरलो की ती कपाळावरचे केस मागं सारायची. मी काही बोललो की हातातलं काम थांबवून ऐकायची. दुपारी झोपायला म्हणून मी कवळी काढून पाण्यात ठेवली की लगेच, "पंखा कोण बंद करणार? आणि ओला टॉवेल गादीवर?" कवळी घातली की, "राहू दे, मी करते." मी मुद्दाम एकदा दारात उभा राहून कवळी आत-बाहेर केली.

"चष्मा कुठं टाकलात पुन्हा?" कवळी बाहेर.

"शोधून देऊ का?" कवळी आत.

सूनबाई हे पाहत होती. ती खूश झाली. "बाबा, आईंना तुम्ही तरुण दिसता ना, म्हणून."

पण मी खूश नव्हतो, कारण मला काहीच कळेना. ती पाहुण्यांचा कप कुणाला देत होती? मला द्यायचा असता तर सेहेचाळीस वर्षांत एकदा तरी दिला असता. म्हणजे तो या नव्या तोंडाला. आणि हे नवं तोंड जर मी असेन, तर जुन्या तोंडानं तिच्याशी संसार केला तो कोण? सांगायला लाज वाटते, पण मला माझ्याच तोंडाचा हेवा वाटायला लागला. मी आरशासमोर उभा राहून त्या माणसाला दम दिला. त्यानंही मला दिला.

त्यात जबडा दुखायला लागला. ओठ मिटायला जोर लागायचा. बोलायला लागलो की दातावर दात आपटून शिवणयंत्र चालल्यासारखा आवाज यायचा, आणि 'स' आला की तोंडातून कुकरची शिट्टी. शेवटी सूनबाईकडं गेलो.

तिनं मला सहासष्टपासून आकडे म्हणायला लावले. एकोणसत्तरपर्यंत यंत्र आणि शिट्टी दोन्ही चालू. तिचा चेहरा पडला. "बाबा, उंची जास्त झालीय. चांगली पाच मिलिमीटर. पण हिशेब तर बरोबर होता." तिनं फोटो पुन्हा काढला, पुन्हा पट्टी लावली, पुन्हा अडीच त्रिक साडेसात आले. तिनं फोटो उजेडाला धरला. मग म्हणाली, "फोटो तुमचाच आहे ना?"

"घरातलाच आहे," मी म्हणालो.

तिनं कर्कटक खाली ठेवलं. "घरातलाच म्हणजे?"

मग दादाला बोलावणं गेलं. दादाचे दात अजून सगळे शाबूत आहेत आणि ते तो प्रत्येकाला दाखवतो, विचारलं नाही तरी. सूनबाईनं त्याला खुर्चीत बसवलं. बुबुळांतलं अंतर मोजलं, सहा. नाकाच्या बुडापासून हनुवटीपर्यंत मोजलं. साडेसात, तंतोतंत.

"मोठे काका, फोटो तुमचा आहे."

"सत्तेचाळीस वर्षं सांगतोय," दादा म्हणाला. "पण शिंप्याच्या घरात खरं माप कोण ऐकतो?" मग माझ्या तोंडाकडं पाहून म्हणाला, "तरीच म्हटलं, हल्ली माझं कुत्रं जेवत का नाही. दोन घरी मालक झालेत त्याचे." एवढ्यावर थांबला असता तर तो दादा कसला. उठता उठता म्हणाला, "आईनं तुझ्या सासरी हाच फोटो पाठवला होता, ठाऊक आहे ना? मिटलेल्या डोळ्यांचा कसा पाठवणार? लोकांना वाटलं असतं, मुलगा झोपाळू."

तो गेला. मी खुर्चीत तसाच. सूनबाईनं फोटो पालथा ठेवला.

म्हणजे हिनं होकार दिला तो दादाला. दादाच्या हनुवटीला. त्यानंतर जे काही मांडवात उभं होतं, टेबलाशी बसून जेवलं, आजारी पडलं, चष्मे हरवत आलं, ते कोण? आणि आता इतक्या वर्षांनी होकार दिलेला माणूस घरात आलाय तर तिनं पाहुण्यांचा कप काढला, यात तिचं तरी काय चुकलं?

वर गेलो. ही शर्टाला गुंडी लावत बसली होती. शिंप्याची बायको, पण गुंडी मला लावू देत नाही; म्हणते, तुम्ही फार घट्ट लावता. मी कवळी काढून हातात घेतली आणि समोर बसलो, म्हणजे बोलणं निदान कुणाशी चाललंय ते ठरावं.

"तुझ्या घरी आमचा जो फोटो आला होता, तो दादाचा होता."

"हो," ती म्हणाली आणि सुई ओढली.

"तुला ठाऊक होतं?"

"लग्नाच्या दिवशी कळलं. फोटोतले ते पाहुण्यांना पाणी देत होते."

"मग बोलली का नाहीस?"

"कुणाला बोलू? माझ्या घरचे परत निघायच्या घाईत. तुमच्या घरचे माझ्या ओळखीचे नाहीत. आणि तुम्हाला म्हणावं तर तुम्ही नवीन."

"म्हणून तशीच राहिलीस?"

"म्हटलं, आलाय माणूस, दोन दिवस बघू."

तिनं दोऱ्याला गाठ मारली आणि दातानं तोडला. तिचे दात चांगले आहेत.

"मग आता तो पाहुण्यांचा कप कुणासाठी?"

"कुठला कप?"

"बशीवाला."

"तुमचा फुटलाय. उद्या दुसरा आणा."

यातून कुणाला काय कळणार? मी स्वयंपाकघरात जाऊन पाहिलं, माझा कप खरंच फुटला होता. पण तो कधी फुटला, आणि केसांवरून हात का, आणि पंख्याचं 'राहू दे' का, ते काही फुटक्या कपात लिहिलेलं नव्हतं. ती मुद्दाम लपवतेय की तिला स्वतःलाच कळलेलं नाही, तेही समजेना. एवढं मात्र कळलं की जो चेहरा आता नव्यानं करायचा, तो कुठला हवा ते मी ठरवून उपयोग नाही. मी दादाचं माप ठेवलं तर जन्मभर भावाच्या नावाचा चहा प्यायचा. उतरवलं तर तिच्या हाती आलेलं काढून घेतल्यासारखं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी हिला घेऊन दवाखान्यात उतरलो. सूनबाईला म्हणालो, "मेण नव्यानं घाल. वरच्या मापापासून सुरू कर आणि थोडं थोडं उतरव. आई समोर बसतील. त्या सांगतील तिथं थांब."

"बाबा, असं कुणी ठरवत नाही."

"फोटोवरून ठरवून काय झालं?"

तिनं मेण घातलं, ठिपके काढले आणि कर्कटक उघडलं. माझं तोंड भरलेलं, म्हणजे मी यापुढं फक्त डोळ्यांनी हजर. ही समोरच्या स्टुलावर बसली, हात मांडीवर.

"पंच्याहत्तर मिलिमीटर," सूनबाई म्हणाली. "हे मोठ्या काकांचं."

ही बघत राहिली. इथंच थांब म्हणाली असती तर एका शब्दात सगळं संपलं असतं, वाईट का होईना.

"पुढं," ती म्हणाली.

गरम पात्यानं सूनबाईनं मेण उतरवलं. त्र्याहत्तर. ही म्हणाली, "आता यांच्या मामासारखे दिसतात. लग्नात रुसून बसले होते ते." बाहत्तर. "याला मी ओळखत नाही." एकाहत्तर. "हा जरा बरा आहे, पण विमा विकायला आल्यासारखा."

सत्तर झालं. सूनबाईनं ओठ मिटायला सांगितले, मिटले. आकडे म्हणायला सांगितले, मेणातून जमले तेवढे म्हटले. आवाज नाही, शिट्टी नाही. ती खुलली. "इथं सगळं बरोबर येतंय, आई. ओठ सहज मिटतात, चुण्याही गेल्यात. यांचं खरं माप हेच असणार."

मी आरशात पाहिलं. देखणा नव्हे, पण बऱ्यापैकी माणूस होता. मला तो आवडला. मी मनात म्हणालो, घे, म्हण आता.

"अजून थोडं," ही म्हणाली.

"आई, याच्याखाली गरज नाही."

"थोडं."

सूनबाईनं केसभर उतरवलं. ही स्टुलावरून उठली, जवळ आली, माझ्या हनुवटीखाली एक बोट लावून चेहरा उजेडाकडं वळवला. मी गिऱ्हाइकाच्या पाठीवरचा झोळ बघायचो अगदी तशी बघत होती, माझ्याकडूनच शिकलेली. "अजून पाव." पुन्हा पातं फिरलं. "अजून एवढंसं." पुन्हा.

"थांब."

सूनबाईनं मोजलं. "एकोणसत्तर. एक मिलिमीटर कमी आहे. चालेल तसं, जबड्याला त्रास नाही व्हायचा. पण सत्तरवर जास्त तरुण दिसत होते."

"तरुण दिसून जायचंय कुठं?"

"पण इथंच का, आई? फोटो काकांचा, मग इथलं माप तुम्हाला कुठून ठाऊक?"

ही पुन्हा स्टुलावर बसली. एवढं सलग बोलायची तिला सवय नाही.

"फोटोतला माणूस बघून कळायचं, तो हो म्हणणार. काही विचारा, हो म्हणणार. ही कवळी आली तेव्हा घरात तसाच कुणी आल्यासारखं वाटलं, मग मीही जरा नीट वागले, परक्यासमोर वागतो तशी. आणि नऊ वर्षं होता तो चेहरा बघून कळायचं, नाही म्हणणार. विचारायलाच नको. लग्नात जे समोर आले होते ना, त्यांच्याकडं बघून काहीच कळत नव्हतं. हो की नाही, खूश की रडवेले. विचारावंच लागायचं. विचारत गेले, म्हणून बोलणं सुरू झालं." तिनं माझ्याकडं बोट दाखवलं. "ते हे. आता बघ, कळतंय का काही?"

सूनबाईनं माझ्याकडं नीट पाहिलं. "नाही," ती म्हणाली. "काहीच कळत नाही."

मी आरशात पाहिलं. मलाही कळत नव्हतं. एक मिलिमीटरपूर्वीचा बऱ्यापैकी माणूस गेला होता आणि त्याच्या जागी कुणीतरी बसला होता, ज्याला आपण इथं का आलोय ते नक्की ठाऊक नाही. अगदी तसाच मी मांडवात उभा होतो, एवढं मात्र मला आठवलं.

"मग?" हिनं मला विचारलं. "हे चालेल का तुम्हाला?"

सत्तरवर ठेवू या, असं मला म्हणायचं होतं. एकच मिलिमीटर, काय बिघडतं. मी तसं म्हणालोही, बहुतेक. पण तोंडात दोन्हीकडं मेण, वर सूनबाईचं बोट, त्यामुळे जे बाहेर पडलं ते काय होतं ते मलाच ऐकू आलं नाही.

"काय म्हणाले?" सूनबाईनं विचारलं.

"हो म्हणाले," ही म्हणाली. "टाक एकोणसत्तर."

मी नाही म्हणालो होतो, असं मला आजही वाटतं. पण त्या चेहऱ्यावरून खात्री देता येत नाही.